चहा प्यायल्याने अंगातलं जादा लोह कमी होतं? उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का आहे

जेवणानंतर काळा चहा, सकाळी गव्हांकुराचा रस, रात्री हळदीचं दूध. शरीरातलं जादा लोह ‘नॅचरली’ कमी करायचे असे उपाय रील्समध्ये सारखे दिसतात. बहुतेकांना त्याने काही फरक पडत नाही. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये अशीही घरं आहेत जिथे जादा लोह हा रोजचा प्रश्न आहे. कारण घरात थॅलेसेमियाचं मूल आहे.

याचा उल्हासनगरशी काय संबंध? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये आसरा मिळाला. १९४९ मध्ये त्याच छावण्यांचं उल्हासनगर झालं. थॅलेसेमियाचं जनुक देशात साधारण ३ ते ४ टक्के लोकांत असतं, सिंधी समाजात त्याहून जास्त. अर्थात हा फक्त सिंध्यांचा आजार नाही. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जास्त प्रमाण असलेल्या समाजांत कोळी आणि सारस्वतही आहेत.

आता लोहाचं गणित बघा. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलीग्रॅम लोह असतं. शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलीग्रॅम लोह बाहेर टाकतं. म्हणजे एका पिशवीतलं लोह जायला काही महिने लागणार, आणि तोवर पुढच्या पिशव्या चढलेल्या असतात. हे लोह हृदय, यकृत आणि हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींमध्ये साचत जातं.

मग चहाचं काय? चहातली टॅनिन्स अन्नातलं लोह आतड्यात शोषू देत नाहीत, हे खरं आहे. ज्यांना वारंवार रक्त लागत नाही अशा थॅलेसेमिया रुग्णांची आतडी जास्त लोह ओढतात, त्यांना जेवणासोबत चहा घ्यायला डॉक्टरही सांगतात. पण पिशवीतलं लोह पोटातून येतच नाही, ते थेट शिरेतून येतं. तिथे चहा काय अडवणार?

गव्हांकुराचं प्रकरण थोडं वेगळं आहे. २००४ मध्ये चंदीगडच्या पीजीआयमधल्या एका छोट्या अभ्यासात काही मुलांची रक्ताची गरज कमी झाल्याचं दिसलं होतं. नंतरच्या अभ्यासात तो फायदा दिसला नाही. फॉरवर्ड मात्र पहिल्याच अभ्यासाचे फिरतात. ‘रक्तदान करा, लोह उतरेल’ हा सल्ला तर या मुलांसाठी सरळ धोक्याचा आहे, कारण त्यांना स्वतःलाच रक्त पुरत नाही. क व्हिटॅमिनच्या गोळ्याही मनाने नकोत, त्याने लोहाचं शोषण वाढतं.

साचलेलं लोह काढतात ती कीलेशनची औषधं. ती लोहाला धरून लघवी किंवा शौचावाटे बाहेर नेतात. डेस्फेरीऑक्सामिनचं इंजेक्शन छोट्या पंपाने रात्रभर, आठवड्यातले ५ ते ७ दिवस घ्यावं लागतं. आता डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्सच्या गोळ्याही आहेत. फेरीटिन साधारण १०००च्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो, आणि ते दीर्घकाळ २५००च्या वर राहिलं तर हृदयाला धोका वाढतो. त्यामुळे रसाच्या भरवशावर गोळी बंद केली तर महिनोन्‌महिने वरून काहीच कळत नाही. लोह आत साचतच राहतं.

याच पट्ट्यात उलटी गफलतही होऊ शकते. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे फक्त वाहक असलेल्यांचं हिमोग्लोबिन थोडं कमी आणि लाल पेशी लहान दिसतात. रिपोर्ट पाहून सरळ लोहाच्या गोळ्या सुरू होतात. अनेकदा शरीरात लोह पुरेसं असतं, त्यामुळे आधी फेरीटिन तपासायला हवं. वाहक आहे की नाही हे एचबीए२ या तपासणीतून कळतं. ती एकदा केली तरी पुरते.

ही तपासणी लग्नाआधी करावी असं डॉक्टर सांगतात. पत्रिका जुळवायला वेळ काढणारी घरं इथे मात्र मागे राहतात. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न आधीच झालं असेल तर दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा नमुना तपासून गर्भाचं निदान करता येतं. त्यासाठी आई-वडिलांचे एचबीए२ रिपोर्ट त्याआधीच हातात असावे लागतात.