लांबलेलें गाणें आणि वाढलेलें गाणें

विलायती ‘रॉक’ संगीताचें नांव निघालें कीं आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि तरुण मंडळी कानांत यंत्रें घालून आपापल्या कोपऱ्यांत निघून जातात. वडील म्हणतात, हा केवळ गोंगाट. तरुण म्हणतात, यांना हें समजणार नाहीं. दोन्ही मतें बहुधा न ऐकतांच बनलेलीं असतात. एका पंक्तीस जेवणाऱ्या माणसांनीं परस्परांच्या आवडीचा निकाल असा परभारें लावावा, हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. म्हणून या संगीताची एक शाखा आणि त्या शाखेचें एक वर्ष घेऊन, त्यांतील आमच्या आवडीचीं गाणीं वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. शाखा ‘प्रोग्रेसिव्ह’ किंवा ‘आर्ट’ रॉक या नांवानें ओळखली जाते, वर्ष १९७३, आणि गाणीं करणारे सारे इंग्लंडांतील, विशी-तिशींतले तरुण.

या शाखेचें मर्म कळण्यास तबकडीचा इतिहास थोडासा ठाऊक असावा लागतो. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून फारसें अधिक गाणें मावत नसे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या थोर गवयासहि रागाचें रूप तेवढ्यांतच दाखवावें लागे. १९४८ सालीं अमेरिकेतील कोलंबिया कंपनीनें सावकाश फिरणारी ‘लाँग प्ले’ तबकडी बाजारांत आणली, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक जागा मिळूं लागली. पुढें रॉक संगीत जन्मास आलें तें मात्र तीन मिनिटांच्याच सांच्यांत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कांहीं तरुणांनीं ती सारी मोकळी जागा वापरावयास घेतली. मोकळी जागा मिळाली म्हणजे कोणी घर बांधतो, कोणी अडगळ भरतो. गाणें वाढलें आहे कीं नुसतें लांबलें आहे, ही आमची कसोटी. ती लावूनच पुढील निवड केली आहे.

पहिला मान आम्ही जेनेसिस या संचाच्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ या गाण्यास देतों. स्कॉटलंडमध्यें ‘फर्थ ऑफ फोर्थ’ नांवाची खाडी आहे, तिच्यावर केलेली ही कोटी. साडेनऊ मिनिटांच्या या गाण्याचा आरंभ टोनी बँक्स यांच्या एकट्या पियानोनें होतो. पुढें पीटर गॅब्रिएल बांसरीवर एक साधी, किंचित् उदास सुरावट वाजवितात. कांहीं वेळानें तीच सुरावट स्टीव्ह हॅकेट यांच्या विद्युत्-गिटारवर येते आणि दीर्घ, ओढलेल्या स्वरांनीं भरून निघते. लहानपणीं अंगणांत बागडलेली मुलगी सासरीं कर्ती होऊन माहेरीं यावी, तशी ती ओळखीचीहि वाटते आणि नवीहि. ख्यालांतील मुखडा पुन्हां पुन्हां नव्या अर्थानें ऐकण्याची ज्यांस सवय आहे, त्यांस येथें परकेपणा वाटण्याचें कारण नाहीं.

दुसरा मान एका जोडीस देतों. पिंक फ्लॉईड या संचाची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी त्या वर्षीच्या मार्चमध्यें निघाली. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादींत ती १९८८ पर्यंत ७४१ आठवडे होती, परंतु खप हा कांहीं गुणाचा पुरावा नव्हे, म्हणून गाण्यांकडे वळूं. ‘टाइम’च्या आरंभीं अनेक घड्याळें एकदम वाजूं लागतात आणि ऐकणारा दचकतो. अॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकानें तीं जुन्या घड्याळांच्या एका दुकानांत एकेक करून टिपून घेतलीं होतीं. पुढें येणारा विचार असा, कीं आयुष्याची तयारीच चालली आहे या समजुतींत माणूस दिवस दवडतो, आणि ती तयारी हेंच आयुष्य होतें हें त्यास उशिरा उमगतें. शब्द लिहिणारे रॉजर वॉटर्स तेव्हां तिशीचेहि नव्हते.

त्याच्या मागोमाग ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ येतें. विषय मृत्यूचा, पियानो रिचर्ड राइट यांचा, आणि क्लेअर टोरी ही पंचविशींतील गायिका एकहि शब्द न उच्चारतां केवळ आवाजानें आकांत, झगडा आणि अखेर शांति उभी करते. तिला त्या कामाचे तीस पौंड मिळाले. रचनेंत आपलाहि वांटा आहे असा दावा तिनें २००४ सालीं लावला; दुसऱ्या वर्षीं तडजोड झाली, आणि तेव्हांपासून रचनाकार म्हणून राइट यांच्या जोडीला तिचें नांव येतें. जिच्या हातची चव साऱ्यांस हवी असते, पण पाहुण्यांपुढें जिचें नांव कोणी घेत नाहीं, अशी गृहिणी आपल्या कितीतरी घरांत आहे. तिच्या घरच्यांनीं ही हकीकत अवश्य वाचावी.

माइक ओल्डफील्ड यांची ‘ट्युब्युलर बेल्स’ २५ मे १९७३ रोजीं निघाली. व्हर्जिन कंपनीची ती पहिलीच तबकडी. कर्त्याचें वय वीस, आणि बहुतेक सारीं वाद्यें त्यानें स्वतः एकावर एक थर देऊन वाजविलेलीं. आरंभींचें आवर्तन सात आणि आठ मिळून पंधरा मात्रांचें आहे. तबल्याची समज असलेल्या मुलांनीं तें हातावर मोजून पाहावें. पहिल्या भागाच्या अखेरीस, मांडवांत आलेल्या व्याह्यांची ओळख करून द्यावी तसें एकेका वाद्याचें नांव पुकारलें जातें, आणि तें तें वाद्य पुढें येतें. हा पहिला भाग खरोखर वाढत जातो. दुसरा ठिकठिकाणीं सैल आहे.

लांबीवांचूनहि गाणें वाढूं शकतें, याचें उदाहरण ‘क्वीन’ या संचाच्या पहिल्या तबकडींतील ‘माय फेअरी किंग’. अवघ्या चार मिनिटांत आवाजांवर आवाज चढवून येथें एक अद्भुत नगरी उभी राहते. पियानोवर बसलेला गायक फर्रुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी. जन्म झांझिबारचा, घराणें पारशी, आणि शालेय शिक्षण आपल्या पांचगणीचें. वाद्यवृंद उभारण्याचा पहिला प्रयत्नहि त्यानें तेथेंच केला. ‘मर्क्युरी’ हें नांव त्यानें याच गाण्यावरून घेतलें, असें त्याचा सहकारी ब्रायन मे सांगतो.

आतां जें आम्हीं मानाच्या पंक्तींतून वगळलें, त्याविषयींहि लिहिलें पाहिजे. कारण तेथें आपल्या घरचेंच नांव गोंवलें आहे. ‘येस’ या संचाचे जॉन अँडरसन यांनीं टोकियोंतील एका हॉटेलांत परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रांतील एक तळटीप वाचली. तींत श्रुति, स्मृति, पुराण आणि तंत्र असे शास्त्रांचे चार वर्ग सांगितले होते. त्यावरून डिसेंबर १९७३ मध्यें ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ही दुहेरी तबकडी निघाली: चार बाजू, चार रचना, प्रत्येक वीस मिनिटांच्या आसपास. शास्त्रांचें नांव आलें म्हणून गौरव करावा, असें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. तिसऱ्या बाजूच्या अखेरीस स्टीव्ह हॉव यांची साधी गिटार आणि तिच्या साथीनें येणारें गाणें फार सुंदर आहे. पण तेथपर्यंत पोंचण्यास पुष्कळ अडगळ ओलांडावी लागते. संचांतील रिक वेकमन यांनाहि ती जड झाली असावी. मँचेस्टरच्या कार्यक्रमांत ही रचना चालू असतां आपण रंगमंचावरच रस्सा-भात खाल्ला, असें ते स्वतः सांगत असतात. १९७४ सालीं त्यांनीं संच सोडला. एका तळटिपेवर ऐशीं मिनिटांचा डोलारा उभारला, तर त्याचें असें व्हावयाचेंच.

आमचें सांगणें इतकेंच, कीं हीं गाणीं सलग ऐकण्यासाठीं केलेलीं आहेत. फोनवर अर्धा मिनिट ऐकून पुढें सरकणाऱ्या तरुणांस तीं कळत नाहींत, आणि दाराआडून ऐकणाऱ्या वडिलांसहि नाहींत. वर मान दिलेल्यांपैकीं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’, ‘टाइम’, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ आणि ‘माय फेअरी किंग’ हीं चारी मिळून अर्ध्या तासाच्या आंत संपतात. एखाद्या रविवारीं दिवेलागणीनंतर आजोबांपासून नातवंडांपर्यंत साऱ्यांनीं तेवढा वेळ एकत्र बसावें. पुढच्या रविवारीं आजोबांनीं आपल्या आवडीचा ख्याल निवडावा, आणि नातवंडांनीं फोन दूर ठेवून तो अखेरपर्यंत ऐकावा. न आवडल्यास तसें मोकळेपणानें सांगण्यास कोणाचीच हरकत नसावी. मात्र गाणें कोणत्या ठिकाणीं लांबलें, तें ठिकाण ज्यानें त्यानें दाखवून दिलें पाहिजे.