तिला बोलावलंच नाही, तर ती मिसळणार कशी?

नवरा जाऊन वर्ष उलटलं तरी ती कुठल्या कार्याला जात नाही, कुणात मिसळत नाही. याला आजार म्हणायचं का?

मार्च 2022 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं सुधारलेल्या निदानपुस्तिकेत प्रदीर्घ शोकाचा विकार आला. प्रौढांसाठी अट अशी, की मृत्यूला किमान 12 महिने झालेले असावेत आणि 8 लक्षणांपैकी निदान 3 असावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये हीच मुदत 6 महिन्यांची आहे. पुन्हा माणसांत रुळणं जड जाणं आणि तीव्र एकटेपणा ही त्या आठांपैकी दोन.

तालुक्याच्या रुग्णालयात समुपदेशन करताना मी नेमकी या दोहोंपाशी अडते. “ताई, छातीत धडधडतं, झोप लागत नाही,” म्हणत बायका येतात. बोलतं केलं की हळूहळू बाकीचं निघतं. पुतणीच्या हळदीला मागच्या खोलीत बसवलं. हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारी येतं आणि हिचं दार सोडून पुढं जातं. सातबाऱ्यावर अजून नाव लागलेलं नाही.

हा विकार खोटा आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. काहींचं दुःख खरोखर गोठतं, आणि त्यांना “होईल हळूहळू” म्हणून परत पाठवणं क्रूरपणा आहे. शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा जास्त असावा, असंही अमेरिकन पुस्तिका आणि आयसीडी-11 या दोन्हींत बजावलेलं आहे. पण रीतच तिला बाजूला बसवत असेल तर? रीत धरून मोजलं तर तिचं एकटेपण स्वाभाविक ठरतं आणि उपचार राहून जातात. रीत सोडून मोजलं तर तेच एकटेपण तिच्या मनाचं लक्षण ठरतं. दोन्हीकडून घरचे मोकळे सुटतात.

ही रीत बदलताही येते: 2022 च्याच मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. असे ठराव जिथं खरंच पाळले जातात आणि जिथं नाहीत, तिथल्या बायकांच्या शोकाची तुलना आपल्या संशोधकांनी करावी. निकष आपल्या माणसांवर तपासायला याहून चांगली जागा कुठली?

तोवर केसपेपरवर दोन प्रश्न तरी असावेत: तुम्ही कार्याला जात नाही, की तुम्हाला बोलावत नाहीत? जमिनीला नाव लागलं का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत तलाठी कार्यालयासाठीही एक चिठ्ठी द्यावी.