विश्लेषण : १९ जानेवारी २०३८ नंतर संगणकांची घड्याळे थेट १९०१ मध्ये का जाऊ शकतात?

२,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटींहून थोडी मोठी ही दहा अंकी संख्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’ या लिनक्स प्रणालीत बहुतेक ३२ बिट यंत्रांवर वेळ साठवण्याची पद्धत बदलण्यात आली, ती या संख्येमुळेच.

संख्येत विशेष काय?

२ चा ३१वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती लिहायची तर ओळीने ३१ वेळा १. बत्तीस बिटांच्या जागेत एक बिट धन-ऋण चिन्हाला जातो, उरतात ३१. स्कूटरच्या मीटरवर सगळे ९ झाले की पुढे जागाच नसते, तसेच हे. फरक इतकाच की इथे आकडा शून्यावर न येता थेट उणे २,१४,७४,८३,६४८ होतो.

गणितज्ञांना ही संख्या फार आधीपासून माहीत आहे. ती मूळ संख्या असल्याचे लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवले. खरे तर त्यासाठी वर्गमूळापर्यंतचे, म्हणजे ४६,३४० पर्यंतचे विभाजक तपासावे लागतात. पण विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे ऑयलर यांनी हेरले. काम चारशेपेक्षा कमी भागाकारांवर आले! तेव्हा त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती.

मात्र संगणकाला ती मूळ आहे की नाही याच्याशी देणेघेणे नाही. ६४ बिटची मर्यादा, म्हणजे २ चा ६३वा घात वजा १, हिला ७ ने पूर्ण भाग जातो. तरी तिचे काही अडत नाही.

२०३८ मध्ये काय होईल?

युनिक्स धाटणीच्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मोजणी मर्यादेला पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला जुनी ३२ बिट प्रणाली तारीख दाखवू शकते १३ डिसेंबर १९०१. ‘गंगनम स्टाइल’च्या व्ह्यूजनी २०१४ मध्ये हाच आकडा गाठला, तेव्हा यूट्यूबने मोजणी ६४ बिटवर नेली.

तुमच्या हातातल्या नव्या फोनची चिंता बहुधा नको. अडचण आहे ती वर्षानुवर्षे अपडेट न होणाऱ्या राउटर, मीटर आणि कारखान्यांतल्या नियंत्रण यंत्रांची. शिवाय यंत्र ६४ बिट असून भागत नाही. मायएसक्यूएल डेटाबेसमधील ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार याच सेकंदाला थांबतो. आज घेतलेल्या २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्यानंतरचा आहे. त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरमध्ये तारखा अशा साठवल्या असतील, तिथे चूक २०३८ ची वाट पाहणार नाही.

तपासणी तशी सोपी आहे. चाचणीच्या सर्व्हरचे घड्याळ २०३८ च्या पुढे नेऊन पाहायचे. चालू सर्व्हरवर मात्र हा प्रयोग नको.