फोनवरच्या कामाची अडत

दलालाला अडत कशाची देतात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. तो गिऱ्हाईक शोधतो, भाव ठरवतो, माल खपवतो, पैसे वसूल करतो आणि माल खराब निघाला तर समोरच्याची बोलणी ऐकून घेतो. रत्नागिरीजवळच्या पावस, गोळप, मालगुंड अशा गावांत ज्या बागायतदारांनी आंब्याची थेट विक्री सुरू केली आहे, त्यांच्यापैकी कितीतरी घरांत ही सगळी कामं आता घरातली बाई करते, मोबाइलवर. तिला अडत मिळत नाही. हिशेबाच्या वहीत तिच्या या कामाची ओळसुद्धा नसते. मीही अशाच घरातली आहे, आणि हा हिशेब चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

आमची कलमं पावसच्या अलीकडे, कातळावर. सासऱ्यांच्या वेळी माल आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि मग वाशीला जायचा. पाच डझनी लाकडी पेट्या संध्याकाळी ट्रकमध्ये चढायच्या, आणि भाव काय मिळाला ते पट्टी हातात पडल्यावर कळायचं. पावसाळ्यात दलालाकडून उचल घेतलेली असायची, त्यामुळे पट्टीवर बोलायची सोय नव्हती. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. आमचा आंबा दादरला कोणाच्या घरी गेला, त्यांना तो आवडला का, यातलं काहीच आमच्यापर्यंत यायचं नाही. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्याच वर्षी यूपीआय आलं. तरी आमच्या गावात खरा फरक पडला तो 2020 च्या टाळेबंदीत. ऐन हंगामात बाजार विस्कळीत झाला, आणि डोंबिवलीच्या भाऊजींनी त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्या आंब्याचा फोटो टाकला. मे महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली तेव्हा पहिला ट्रक रत्नागिरीहून बोरिवलीला आंब्याच्याच पेट्या घेऊन गेला होता. चाकरमान्यांना आणणाऱ्या लाल गाडीने आंबा पोचवला, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं होतं.

त्या हंगामात फोन माझ्याकडे आला, कारण पुरुष बागेत होते. तेव्हापासून तो माझ्याकडेच आहे. पेटीवर छापलेला नंबरही माझाच.

हे काम काय असतं ते सविस्तर सांगते, कारण ‘घरबसल्या मोबाइल बघायचा’ अशीच त्याची कल्पना असते. अक्षय्य तृतीयेला सगळ्यांना तयार आंबा हवा असतो. फळ झाडावर 14 आणे तयार झालं की उतरवायचं, मग पेंढ्याच्या अढीत ते पिकायला आठ-दहा दिवस घेतं, उष्मा वाढला की लवकर. म्हणजे सणाच्या ऑर्डरचं गणित आधीच मांडून, आज कुठल्या कलमांवर घळ लावायची हे मला सकाळीच गड्यांना सांगावं लागतं. कोथरूडच्या काकूंना मोठं फळ नको, त्यांच्या घरी दोघंच माणसं. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाला मुलीकडे न्यायला थोडा कच्चा हवा. कोण पैसे आधी पाठवतं, कोणाला दोनदा आठवण करावी लागते, कोणाची लिफ्ट बंद असते म्हणून टेम्पोवाला कुरकुरतो, हे सगळं माझ्या डोक्यात आणि त्या फोनमध्ये आहे.

आणि साका. फळ बाहेरून पिवळंधमक, वासाला उत्तम, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा भाग. बाहेरून तो कोणालाही ओळखता येत नाही. फळ झाडावर जास्त वेळ राहिलं, तापल्या कातळाची धग बसली की साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणून तर 14 आण्यांवर काढायचं. पण पुण्यात आंबा कापून बसलेल्या माणसाला हे रात्री अकरा वाजता समजावणं ही वेगळी विद्या आहे. आधी कापलेल्या फळाचा फोटो मागायचा. साका आहे, सड आहे की प्रवासात दबलंय ते बघायचं. मग ‘ताई, पुढच्या पेटीत बदली फळ घालते’ असं म्हणायचं आणि ते न विसरता घालायचं. एक माणूस दुखावला तर त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरची सगळी दारं बंद होतात. वाशीला दलाल डागी माल बाजूला काढून पट्टीत तेवढे पैसे कापायचा. इथे संबंधच तुटतो.

आता वही बघा. फवारणीची औषधं, पुठ्ठ्याचे बॉक्स, पेंढा, टेम्पोभाडं. काढणीच्या गड्यांची मजुरी, आंबे निवडणाऱ्या बायकांची मजुरी. नेपाळहून येऊन हंगामभर बागेत राहणाऱ्या गुरख्यांचा पगार. सगळं तारीखवार लिहिलेलं. मुळात आंब्याच्या घरातल्या बायकांनी काम कधी केलं नाही? सासूबाई अढी लावायच्या, उरलेल्या आंब्याची साठं घालायच्या, तेही कुठे लिहिलं गेलं नाही. पण तेव्हा निदान दलालाची अडत खर्चात दिसायची. थेट विक्रीत ती गेली, आणि सगळे म्हणू लागले की मधला खर्च वाचला. खर्च वाचलेला नाही. ते काम घरात आलं आणि फुकट झालं.

यातून धंद्याचंही नुकसान होतं, आणि ते पुरुषमंडळींना जास्त पटतं म्हणून तेच मी पुढे करते. विकायचं काम फुकट धरलं की पेटी स्वस्त पडल्यासारखी वाटते. मग एप्रिल संपत आला, माल वाढला की एकाने स्टेटसवर शंभर रुपये कमी टाकले, दुसरा दीडशे उतरतो. आम्ही शेजारी-शेजारी एकमेकांचा भाव पाडतो आणि घरातल्या बाईची मेहनत मुंबईच्या गिऱ्हाइकाला सवलत म्हणून देऊन टाकतो. भाव लावताना विक्रीचा खर्च धरला असता तर कुठे थांबायचं ते कळलं असतं.

कागदावरही तीच गोष्ट. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या नावाने, आमच्यासारख्यांच्याच बागेचे फोटो लावून इन्स्टाग्रामवर विकला जातो, तेव्हा या मानांकनाची खरी गरज कळते. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने तर 2025 च्या हंगामात फळाफळावर वेगळा कोड लावायला घेतला. चांगलंच आहे. पण मानांकनाच्या नोंदणीला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर बहुतेक घरांत पुरुषाचं नाव असतं. कोडचा अर्थ गिऱ्हाइकाला समजावणारी मी, प्रशिक्षणाचं बोलावणं मात्र यांच्या नावाने येतं. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बाईच्या नावावर जमीन करायला शेतकऱ्यांना सांगितलं होतं. ती गोष्ट आमच्या कातळापर्यंत फारशी पोचली नाही.

आणखी एक बाजू आहे. ज्यांचे भाऊजी डोंबिवलीत नाहीत, ज्यांची चाळीस-पन्नासच कलमं आहेत, ते आजही उचल घेऊन दलालालाच माल देतात. त्यांच्या घरात फोन आहे, गिऱ्हाईक नाही. सरकारच्या उमेद अभियानातून उभे राहिलेले बायकांचे बचत गट गावोगाव आहेत. एका गटाने आठ-दहा लहान बागांचा फोन सांभाळावा, ऑर्डर, तक्रार, पैसे सगळं बघावं आणि पेटीमागे ठरलेली अडत उघडपणे घ्यावी. कृषी खात्याने आणि दापोलीच्या विद्यापीठाने कलम बांधणीसारखंच या कामाचंही शिक्षण द्यावं, आणि ते देताना फोन सांभाळणारीला बोलवावं.

आमच्या घरी यंदा यावर बोलणं झालं. यांनी वहीत एक रकाना वाढवला आहे, ‘विक्री’ असा, आणि त्यातली रक्कम माझ्या खात्यात जाईल हे मान्य केलं आहे. सासूबाईंनी न विचारता माझी बाजू घेतली. दरावर मात्र एकमत नाही. भाऊजी पेटीमागे पाच टक्के म्हणतात, मी आठ म्हणते, कारण बदली फळाची जोखीम आणि रात्रीचे फोन पाच टक्क्यांत बसत नाहीत. पाडव्याच्या आत आकडा ठरायला हवा, त्यानंतर ऑर्डर सुरू होतात आणि मग बसून बोलायला कोणालाच वेळ नसतो.