लिफाफ्यावरचे पत्ते

मुलांनो, संगणकावर ई-मेल लिहायला बसलात की वरच्या बाजूला ‘टू’ असा रकाना दिसतो. त्याच्या शेजारी ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’ ही अक्षरे असतात. पुष्कळदा ती दाबल्याशिवाय त्यांचे रकाने उघडतच नाहीत. म्हणून आपण सगळे पत्ते ‘टू’मध्ये लिहून मोकळे होतो. ही सवय मला धोक्याची वाटते.

‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी. पूर्वी टंकलेखक दोन कागदांमध्ये कार्बन कागद घालून प्रत काढत आणि ती कोणाला पाठवली, हे पत्राखाली लिहीत. ‘बीसीसी’ची प्रत मात्र इतरांना न कळता जाते.

हे कसे घडते? टपालाचे पत्र आठवा. मजकूर आत असतो आणि पत्ता बाहेर लिफाफ्यावर. (लिफाफा हा आपल्या उर्दूतलाही शब्द, मराठीत त्याला पाकीटही म्हणतात.) पोस्टमन फक्त लिफाफा वाचतो. ई-मेललाही असा न दिसणारा लिफाफा असतो. सॉफ्टवेअर तिन्ही रकान्यांतील पत्ते लिफाफ्यासाठी उतरवून घेते. मग पत्रात ‘टू’ आणि ‘सीसी’च्या ओळी तशाच ठेवते, पण ‘बीसीसी’ची ओळ काढून टाकते. पत्र सर्वांना पोचते, पण त्या रकान्यातील नावे कोणाला दिसत नाहीत.

एवढ्याशा रकान्याने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता आली. ब्रिटिशांबरोबर काम केलेल्या अफगाण लोकांच्या जिवाला धोका निर्माण झाला. २० सप्टेंबरला ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने अशा २४५ जणांना एकच ई-मेल पाठवला आणि सर्व पत्ते ‘टू’मध्ये लिहिले! प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसले, ५५ जणांची छायाचित्रेही दिसली. दोघांनी सर्वांना उत्तर पाठवले. त्यांतल्या एकाने तर आपला ठावठिकाणाच लिहिला. या आणि अशाच आणखी दोन चुकांबद्दल २०२३ मध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंड दंड झाला.

ही माणसे काही अडाणी नव्हती. म्हणून केवळ ‘सावध राहा’ म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. शंभर-दोनशे पत्ते ‘टू’मध्ये आले, तर सॉफ्टवेअरनेच थांबून विचारायला हवे. पण दुसऱ्याचा पत्ता ही आपल्याकडची अमानत आहे, हे यंत्राला कसे कळणार? ते आपल्यालाच कळायला हवे.

स्नेहसंमेलनाचे निमंत्रण सर्व पालकांना पाठवायचे असेल, तर ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता लिहा आणि बाकीचे ‘बीसीसी’मध्ये. मात्र मित्राला लिहिलेले पत्र तिसऱ्याला चोरून दाखवण्यासाठी हा रकाना वापरू नका. त्या तिसऱ्याने ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबले, की तुमची चोरी मित्राला त्याच क्षणी कळेल.