अब्रूचा बाजारभाव

दिवाळीच्या फराळात करंजी फसली, तर शेजारच्या काकू आमच्या सौभाग्यवतींना तोंडावर सांगतात, "तळण कच्चं राहिलं गं!" पण म्हणून त्या आमच्या ताटातल्या चकल्या उचलून नेत नाहीत, की दारावर 'सुगरण नव्हे' अशी पाटी लावत नाहीत. २०१६ साली निघालेल्या 'स्टीमिट' नावाच्या चावडीवर मात्र या दोन्ही गोष्टी होतात.

तेथे लिहिणाऱ्याला वाचकांच्या मतांवरून 'स्टीम' नावाचे नाणे मिळते. सात दिवस मते पडतात, मग हिशेब. कल्पना मोठी गोड! मानधनासाठी संपादकाचे उंबरे झिजवायला नकोत. (या बाबतीत माझ्या चपला साक्षीला आहेत.) परंतु तेथे माणशी एक मत नाही. ज्याने नाणी जास्त गुंतवली, त्याच्या मताला वजन जास्त. अशाने उलटे मत, म्हणजे 'डाउनव्होट', टाकले की तुमची आठवड्याची कमाई शून्यावर येऊ शकते. शिवाय नावापुढे 'रेप्युटेशन'चा आकडा असतो, नवख्याला २५, तोही घसरतो. आणि गंमत पाहा, ज्याचा आकडा तुमच्याहून कमी, त्याला तुमचा आकडा उतरवता येत नाही. हेडमास्तरांनी पोराचा कान धरावा; पोराने हेडमास्तरांची चूक दाखवली, तर फळ्यावर खडूच उमटू नये!

बचाव मी ऐकला आहे. बक्षिसाचा हंडा सर्वांचा. कोणी स्वतःलाच मते देतो, कोणी विकत घेतो. उलटे मत नसेल तर चोर हंडा रिकामा करतील. खरे आहे. कापलेली रक्कम कापणाऱ्याच्या खिशात जात नाही, हंड्यातच परतते, हेही खरे. म्हणून तर ऑगस्ट २०१९ मध्ये उलट्या मतांना वेगळा साठाच दिला गेला. पण चोरच थैलीवाला निघाला तर? नवख्याची काठी त्याच्या पाठीवर मोरपिसासारखी फिरणार.

मी वीस वर्षे वह्या तपासतो आहे. मार्क कापला, तर समासात कारण लिहितो. नाहीतर दुसऱ्या दिवशी पालक दारात उभे! तेथे कारण लिहिण्याची सक्तीच नाही. ती आधी करा, मग अब्रूचे आकडे मांडा.

मार्च २०२० मध्ये बरीच मंडळी रुसून निघाली आणि त्यांनी 'हाइव्ह' नावाची वेगळी चूल मांडली. जुन्या घरातून निघताना सामानात उलटे मत आणि तो २५ चा आकडा मात्र बांधून घेतला.