केसांचं वजन आणि बाळाचं वजन

अकीक्याला बाळाचे केस उतरवले की ते तोलायचे आणि तेवढ्या वजनाची चांदी किंवा तिची किंमत सदका करायची, ही रीत आमच्या सिंदीतही (रेल्वे) पाळली जाते. केसांचा हिशेब आपण चोख ठेवतो. पण जन्मलं तेव्हा बाळाचं स्वतःचं वजन किती होतं, असं विचारलं तर घरातल्या बऱ्याच जणांना सांगता येत नाही. "छोटा है, हो जाएगा बडा," एवढ्यावर विषय संपतो. या महिन्यात आपण त्याच वजनाबद्दल बोलू.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरलं तर ते कमी वजनाचं बाळ. त्यातली काही दिवस भरण्याआधीच जन्मलेली असतात. काहींचे दिवस पूर्ण भरलेले असतात, पण वाढ पोटातच खुंटलेली असते. या दुसऱ्या बाळांकडे दुर्लक्ष होतं, कारण नऊ महिने झाले म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो.

बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. आईचा रक्तदाब वाढला, अंगात रक्त कमी असलं, तिचं पोट भरत नसलं, दोन बाळंतपणांत अंतर नसलं किंवा मुलगी स्वतःच अजून वाढीच्या वयात असली, तर हा पुरवठा तोकडा पडतो. आपल्या विदर्भात खर्रा आहेच. तंबाखू चघळली काय नि दातांना घासली काय, ती बाळापर्यंत पोचते. काही वेळा दोष वारेत किंवा बाळाच्या जडणघडणीत असतो. तिथे आईच्या हातात काही नसतं, म्हणून तिला बोल लावण्याआधी थांबावं.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीचं पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं असूनही १ किलो ९०० ग्रॅमचं झालं. सातव्या महिन्यात गोदभराई थाटात झाली होती. पण तिला रोज सांगितलं जायचं, "बेटा, कम खाव, बच्चा बडा हुआ तो जचकी में तकलीफ होगी." सांगणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही त्यांच्या सासूने हेच सांगितलं होतं. पण कमी खाण्याने बाळंतपण सोपं होतं ही समजूत चुकीची आहे. अशक्त बाळाला कळा सोसवत नाहीत आणि जन्मल्यावर ते लवकर गार पडतं, त्याच्या रक्तातली साखर उतरते, जंतुसंसर्गाशी लढायला त्याच्यात ताकद नसते.

परिणाम बालपणापुरतेही राहत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हाडकुळी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला पुढे मधुमेह आणि हृदयविकार जडण्याची शक्यता जास्त असते. आज घराघरांत दिसणाऱ्या 'शुगर'चं एक मूळ आईच्या ताटात आहे. याच अभ्यासात ज्या बाया पालेभाजी, फळं आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळं मोठी असल्याचं दिसलं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये नंतर असाच खाऊ बायांना रोज देऊन पाहिला. दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढलं. आकडा लहान आहे, पण तयारी निकाहनंतर लगेच, खरं तर मुलगी शाळेत असतानाच सुरू व्हायला हवी, हे त्यातून कळतं.

मग घरात काय करायचं? पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. दर तपासणीला आईचं वजन, रक्तदाब आणि रक्त तपासलं जातंय ना, ते माता व बाल संरक्षण कार्डावर पाहा. सहाव्या महिन्यानंतर नर्सबाई पट्टीने पोट मोजतात. जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर असावेत. माप मागे पडलं तर सोनोग्राफी टाळू नका. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. मोठ्या इलाजाची गरज पडली तर आपल्याच रेल्वेमार्गावर सेवाग्राम आहे, तिथे कस्तुरबा रुग्णालय आहे.

बाळ लहान जन्मलंच तर घाबरू नका. आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घातलं की त्याला ऊब मिळते. चीक फेकू नका, तोच पहिला घास. अंघोळीची घाई करू नका. तहनीक करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना घरी जाऊन बाळाचं वजन करायला, ऊब द्यायला आणि संसर्गावर इलाज करायला शिकवलं. तीन वर्षांत तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताई घरी येतात त्या याच कामाच्या पुढच्या पावलांवर. त्यांना दारातून परत पाठवू नका.

रमजानबद्दल बाया आम्हाला हमखास विचारतात. आईच्या किंवा बाळाच्या जिवाला त्रास होण्याची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची रुखसत शरीअतने दिलेली आहे. ती घेताना कुणी तिला टोमणा मारू नये.

आणि घरातल्या पुरुषांना एक विनंती. दस्तरखानावर सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं सालन गरोदर सुनेच्या वाट्याला येत असेल, तर उद्यापासून तिला सोबत बसवा. अंडं, दूध, डाळ, मेथी-पालक जे काही घरात असेल, त्यातलं तिचं ताट आधी वाढा.